बोट घ्या, पण चारच्या आत नांगर टाका

येत्या ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात, आम्ही पाच जण ऑस्ट्रेलियातल्या व्हिटसंडे बेटांमध्ये शिडाची बोट भाड्याने घेऊन फिरणार आहोत, असे मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कळवले, तेव्हा कौतुकाच्या चार शब्दांपाठोपाठ अपेक्षित प्रश्न आलाच : आपल्याकडे समुद्र नाही का? जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप दौऱ्यानंतर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी अवमानकारक शेरे मारले आणि मालदीववर बहिष्काराची हाक उठली. तेव्हापासून समुद्रकाठच्या कोणत्याही सुट्टीचा हिशेब देशप्रेमाच्या वहीत मांडण्याची आपल्याकडे सवय लागली आहे. माझ्यापुरती या प्रश्नात एक गंमत आहे. मी ब्रिस्बेनला राहतो आणि व्हिटसंडे बेटे माझ्याच राज्यात, हजार किलोमीटरहून थोडी अधिक उत्तरेला आहेत. मला लक्षद्वीपला जायचे असेल तर आधी परवाना काढावा लागेल, आणि छत्तीसांपैकी जेमतेम दहा वस्तीच्या बेटांचा, पिण्याचे पाणी जपून वापरणारा तो प्रदेश आणखी किती पाहुणे सोसू शकतो, हे बहिष्काराची हाक देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी विचारले होते. तरीही तो प्रश्न मी झटकून टाकत नाही. आपल्याकडे समुद्र आहेच. मात्र माझ्यासारख्या हौशी माणसाला त्यात स्वतःची शिडे उभारून जाता येत का नाही, याचा विचार या सुट्टीची तयारी करताना रोज मनात येतो.

व्हिटसंडे म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळांची लांब रांग आणि मुख्य भूमी यांच्यामधली 74 बेटे. बहुतेक निर्मनुष्य, डोंगराळ, झाडांनी भरलेली, आणि भोवतीने प्रवाळांची झालर असलेली. ऑगस्टमध्ये इकडे हिवाळा असतो. पाऊस नाही, विषारी जेलीफिशचा मोसम संपलेला, हंपबॅक देवमासे पिल्लांसह उथळ पाण्यात आलेले आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे बऱ्यापैकी भरवशाचे. कोकणात जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. त्याच पौर्णिमेला आम्ही इकडे पाण्यात उतरणार, याचे मला घरच्यांपेक्षा जास्तच अप्रूप आहे.

या सुट्टीतली खरी नवलाईची गोष्ट मात्र वेगळी आहे. इथे तांडेल, म्हणजे बोट हाकणारा कप्तान, बरोबर येत नाही. चाळीस फुटी बोट, तिची डोलकाठी, शिडे, इंजिन, नांगर आणि मागे बांधलेली डिंगी (छोटी होडी) हे सगळे अर्ध्या दिवसाच्या शिकवणीनंतर आपल्या ताब्यात दिले जाते, आणि त्यासाठी बोट चालवण्याचा परवानाही मागितला जात नाही. बोटींचा थोडाफार अनुभव असलेले प्रौढ माणूस बरोबर असले की पुरते. काकांनी याला सरळ वेडेपणा म्हटले. पण या मोकळिकीभोवती नियमांचे कुंपण कसे घातले आहे, ते पाहण्यासारखे आहे. रात्री बोट चालवायची नाही. दुपारी चारच्या सुमारास नांगर टाकलेला किंवा बोट बोयाला, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असली पाहिजे. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी रेडिओवर आपण कुठे आहोत, बरोबरची माणसे ठीक आहेत ना, उद्याचा बेत काय, हे तळावर कळवायचे. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे नाही, आणि वारा एका मर्यादेपलीकडे गेला की आडोशाची खाडी सोडायची नाही. बोटीचे नुकसान झालेच तर त्यासाठी घसघशीत अनामत रक्कम आधीच भरून घेतलेली असते. थोडक्यात, माणसावर विश्वास टाकायचा, पण त्याच्या चुकीने कोणाचा जीव जाणार नाही अशी व्यवस्था आधी उभी करायची.

आता आपल्याकडच्या वादांकडे पाहावे. डिसेंबर 2023 मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या निवती खडकांसाठी जाहीर झालेला पाणबुडी पर्यटन प्रकल्प गुजरातने पळवला, यावरून महाराष्ट्रात बरेच दिवस रण माजले होते. द्वारकेला पाणबुडी होणार म्हणून इथले पुढारी संतापले, सत्ताधाऱ्यांनी प्रकल्प इथेच होणार असे सांगितले, आणि घोषणा 2018 मधली असताना मधल्या वर्षांत पाणबुडी पाण्यात का उतरली नाही, हा साधा मुद्दा मागेच राहिला. त्यानंतर, जानेवारी 2024 मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका त्याच परिसरात समुद्रतळाशी बुडवून तिच्याभोवती पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करण्याची योजना आली. ही योजना मला मनापासून आवडते. जुन्या जहाजांभोवती माशांची वस्ती वाढते, हे जगभर दिसलेले आहे. परंतु या सर्व चर्चांमध्ये समुद्रावर येणारा माणूस हा तिकीट काढून बसणारा प्रवासीच धरलेला असतो. त्याला पाणबुडीत बसवायचे, बनाना बोटीवर बसवायचे, पॅराशूटला टांगायचे आणि फोटो काढून परत पाठवायचे. त्याने वारा ओळखावा, भरती-ओहोटीचे कोष्टक वाचावे, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत काय करावे आणि उधाणात काय टाळावे हे शिकावे, अशी अपेक्षा कोणत्याच आराखड्यात नसते.

यामागे कारणे आहेत आणि ती हलकी नाहीत. 1993 मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, 2008 मध्ये दहशतवादी मुंबईत समुद्रमार्गाने आले. त्यानंतर प्रत्येक होडीची नोंद, खलाशांची ओळखपत्रे आणि बंदरांवरची तपासणी वाढणे अटळ होते. अशा किनाऱ्यावर अनोळखी माणसाच्या हाती आठवडाभरासाठी बोट सोपवा, असे पोलीस अधिकाऱ्याला सांगायला मी धजावणार नाही. पण ज्या भागावर आपण कडक आहोत असे समजतो, तिथेही कडकपणा कसा विषम असतो ते डिसेंबर 2024 मध्ये दिसले. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि दहाहून अधिक माणसे गेली. प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर लाइफ जॅकेट असलेच पाहिजे, यावर खरा जोर त्यानंतर आला. म्हणजे कागदपत्रांची तपासणी करणारा किनारा आणि जीव सांभाळणारा किनारा एकच असतो, असे नाही.

सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचा विभागवार नकाशा पसरलेला आहे, आणि मुलगी त्यावर पेन्सिलने मुक्काम मांडते आहे. हिरव्या रंगात मासा पकडायचा नाही, पिवळ्यात मर्यादित गळ चालतो, फिकट निळ्यात बहुतेक सगळे चालते. हा नकाशा फुकट मिळतो आणि गळ हाती धरणाऱ्या प्रत्येकाने तो जवळ ठेवावा अशी अपेक्षा असते. प्रवाळांच्या कडेला पांढरे, पिरॅमिडच्या आकाराचे बोये तरंगतात. त्यांच्या आत किनाऱ्याच्या बाजूला नांगर टाकणे निषिद्ध आहे, कारण नांगराची साखळी वाऱ्याबरोबर फिरली की कित्येक वर्षांत वाढलेले प्रवाळ दुपारभरात भुगा होते. म्हणून गर्दीच्या खाड्यांमध्ये सरकारने सार्वजनिक बोये बसवले आहेत. काठीने दोर उचलायचा, नाळेशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, बांधायचा आणि दिवसा ठरावीक वेळेत दुसऱ्यासाठी जागा मोकळी करायची. कोणत्या बोयाला केवढी बोट चालेल, हे त्यावरच्या रंगीत पट्ट्यावरून कळते. 2004 मध्ये या उद्यानातले मासेमारीमुक्त क्षेत्र पाच टक्क्यांहूनही कमी होते ते तेहतीस टक्क्यांच्या वर नेले गेले. मच्छीमारांचा विरोध तेव्हा तीव्र होता. तो शमवण्यासाठी सरकारला मोठी भरपाई द्यावी लागली, आणि सगळे समाधानी झाले असेही नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. तेव्हापासून आजपर्यंत स्थानिक मच्छीमार त्याकडे संशयाने पाहतात, आणि मला त्यांचे चुकते असे वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर पर्ससीन जाळ्यांनी, म्हणजे माशांचा थवाच घेरून आवळणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी, मासळी खरवडून नेली, त्यावर निर्बंध यायला 2016 उजाडले, आणि अभयारण्याची रेषा मात्र सगळ्यात आधी छोट्या होडीवाल्याच्या दारात ओढली गेली. इथे ऑस्ट्रेलियात लोकांच्या हातात नकाशा आहे, तिथे मालवणला फक्त अधिसूचना आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल की परदेशात राहणाऱ्याने परदेशाची आरती ओवाळली. तसे करणे मला जमणार नाही, कारण ज्या निर्जन खाड्यांची मी वाट पाहतो आहे त्या मुळात निर्जन नव्हत्या. न्गारो हे दर्यावर्दी लोक झाडाच्या सालीच्या होड्यांतून हजारो वर्षे या बेटांमध्ये वावरत होते. हुक बेटावरच्या नारा खाडीत, गुहेच्या भिंतीवर त्यांची चित्रे आजही आहेत. एकोणिसाव्या शतकात हिंसाचार आणि सक्तीच्या विस्थापनाने त्यांची वस्ती उठवली गेली. आज त्या खाडीत नांगर टाकणाऱ्याला जी शांतता मिळते तिला हा इतिहास आहे. मालवणच्या समुद्रात जाळी आहेत, होड्या आहेत, भांडणे आहेत, म्हणजे माणसे अजून तिथे आहेत. व्हिटसंडेचा रिकामेपणा हा काही कोकणाने घेण्यासारखा नमुना नव्हे.

दुसरी विसंगती अधिक ताजी आहे. प्रवाळावर नांगर टाकू नये म्हणून एवढी काळजी घेणारा हा देश जगातल्या मोठ्या कोळसा निर्यातदारांपैकी एक आहे. व्हिटसंडेच्या वायव्येला, बोवेन गावापलीकडे ॲबट पॉइंट बंदर आहे. अदानी समूहाच्या कारमायकल खाणीतला कोळसा तिथूनच जहाजांत भरला जातो. समुद्र तापल्याने 2016 पासून रीफवर प्रवाळ पांढरे पडण्याच्या मोठ्या घटना पुन्हापुन्हा घडल्या आहेत, आणि त्यावर कोणताही पांढरा बोया उपाय नाही. माझ्या डिंगीच्या नांगरावर नियम आहे, कोळशाच्या जहाजावर निर्यातीचे उद्दिष्ट आहे. भारतातला मित्र मला हे सुनावतो तेव्हा मी वाद घालत नाही. फक्त त्या कोळशाचे गिऱ्हाईक कोण, एवढे विचारतो.

तरीही सामान्य माणसाच्या हाती सुकाणू देण्याचा मुद्दा मला सोडवत नाही. आपल्याकडे कौशल्य नाही असे तर मुळीच नाही. मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ‘तारिणी’ही त्याच गोव्यात बांधली गेली, जिच्यातून 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. पण हे सगळे नौदलाच्या छत्राखाली घडले. बँकेतली कारकून किंवा शाळेतला शिक्षक सुट्टीत वेंगुर्ल्याहून मालवणपर्यंत शिडावर जाऊन आला, असे ऐकायला मिळत नाही. आणि जोपर्यंत ते ऐकायला मिळत नाही तोपर्यंत समुद्र हा एक तर सुरक्षेचा प्रश्न राहील, नाही तर पाणबुडीच्या उद्घाटनाची जागा.

मालवणला स्कूबाच्या बोटीवर काम करणाऱ्या मामेभावाला मी बोयांचा हा प्रकार फोनवर सविस्तर सांगितला. प्रवाळांवर रोज किती नांगर पडतात हे त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, त्यामुळे बोये हवेत याबद्दल त्याचे दुमत नव्हते. त्याची शंका वेगळीच होती. “बोये टाकतले रे, पण त्येका पयली बोट कोण बांधतलो, तां आदी सांग.” सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी वाहतूक स्थानिक होडीवाल्यांची संघटना सांभाळते, तर बोयांचे वेळापत्रकही सरकारी खात्याऐवजी होडीवाल्यांकडेच द्यावे, असे मी सुचवले. त्याला ते फारसे पटले नाही. संघटनेतही कोणाचे चालते आणि कोणाचे चालत नाही, यावर तो पुढे बराच वेळ बोलत राहिला.