डेम्लोला जागा द्या हो

लोकांनीच लिहायचा आणि लोकांनीच खोडायचा, असा एक ऑनलाइन ज्ञानकोश आहे. नाव सांगत नाही. तुमच्या मुलांच्या प्रकल्पाच्या वह्या त्यातूनच उतरवलेल्या असतात. तिथे मी फावल्या वेळात ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अशाच माणसाला पकडून पंच करतात. 'डेम्लो संख्या' हा लेख ठेवायचा की काढायचा, याची चर्चा वाचून निकाल द्या, एवढंच काम.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी शोधलेल्या या संख्या. त्यांतली सगळ्यात देखणी बघायची असेल तर ओळीने नऊ एक मांडा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. माझ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने दम टाकून उत्तराला 'ई१६' अशी शेपटी लावली, म्हणून मी वाणसामानाच्या यादीमागे गुणाकार मांडला. १२३४५६७८९८७६५४३२१! नऊपर्यंत चढायचं आणि आल्या वाटेने उतरायचं. दहावा एक घेतला की हातचा येतो आणि सगळी शिस्त मोडते. तेही करून पाहिलं. त्या महिन्यात साबुदाणा किती आणायचा ते घरात कुणालाच वाचता आलं नाही.

आणि हे सुचलं कुठे म्हणता? डोंबिवली स्टेशनात! जीआयपी रेल्वेच्या काळात त्याला डेम्लो म्हणत, म्हणून हे नाव, असं सांगतात.

झालं. चर्चेत एक डोंबिवलीकर उतरले. 'ठेवा! ठेवा! ठेवा!' कारण: डोंबिवली. गणिताबद्दल चकार शब्द नाही. समोर एक नियमवाले गृहस्थ. विषयाशी लागेबांधे नसलेल्या भरवशाच्या लेखकांनी सविस्तर दखल घेतली असेल तरच स्वतंत्र लेख, हा नियम त्यांना पाठ. डेम्लोवर सगळ्यात जास्त लिहिलंय खुद्द कापरेकरांनी, आणि तेही बरंचसं पदरमोड करून छापलेलं. बाप आपल्या पोराचं कौतुक करणारच, ते पुरावा म्हणून चालत नाही.

'पण गणिताच्या गमती लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनी १९७५ साली सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं होतं!'

'ते कापरेकरांवर. मोठेपण वारशाने मिळत नाही.'

'क्रमिकांच्या, म्हणजे नियमाने ओळीत येणाऱ्या संख्यांच्या, ऑनलाइन कोशात ए००२४७७ ही नोंद डेम्लोचीच आहे!'

'तिथे साडेतीन लाखांहून जास्त क्रमिका आहेत. सगळ्यांना पाट मांडू?'

यावर डोंबिवलीकरांनी कापरेकरांच्याच दुसऱ्या शोधाचा, ६१७४ या कापरेकर स्थिरांकाचा, वेगळा लेख असल्याचं निदर्शनास आणलं आणि हा सापत्नभाव कशासाठी, असं विचारलं. मला खरं तर नियमवाल्यांचं पटत होतं, आणि त्याचाच राग येत होता. केतकरांना ज्ञानकोश २३ खंडांत बसवायचा होता; कागद संपला म्हटलं की कुणाला अपमान वाटत नसे. इथे जागेला तोटाच नाही, त्यामुळे 'नाही' म्हणताना कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की माणसं दुखावतात.

शेवटी मी लोकलचा न्याय लावला. स्वतंत्र खिडकी नाही, पण कापरेकरांच्या लेखात सगळ्यांनी जरा सरकून डेम्लोला चौथी सीट द्यायची. कोशाच्या भाषेत याला विलीनीकरण म्हणतात. बूड अर्धं बाहेर, पण बसलोय म्हणायला मोकळे. निकालात मी सविस्तर इतिहास लिहिला, स्टेशनाचासुद्धा, आणि खाली 'माझा या विषयाशी कोणताही संबंध नाही' अशी रीतसर ओळ टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोशात नवा लेख उगवला: 'डोंबिवली स्थानकाचे गणितातील योगदान'. नियमवाल्यांनी तासाभरात त्यावर काढून टाकण्याचा साचा लावला. पंच म्हणून पुन्हा मीच. लेखाला संदर्भ एकच होता, त्रयस्थ, सविस्तर, विषयाशी संबंध नसलेला: माझा कालचा निकाल.