अर्धंच पटलं

एका लेखात म्हटलंय की बायोमेडिकल इंजिनीअरिंगला (म्हणजे हॉस्पिटलमधल्या मशीनच्या इंजिनीअरिंगला) सगळ्यातलं थोडं थोडं शिकवतात आणि पोरं कशातच पक्की होत नाहीत. अर्धं पटलं. पण साधा ईसीजी घ्या ना, छातीवर मिळणारा सिग्नल जेमतेम 1 मिलिव्होल्टचा, त्यात वायरिंगमधून घुसणारा 50 नाहीतर 60 हर्ट्झचा नॉइज, पेशंट जरा हलला की बेसलाइन (आलेखाची मूळ रेघ) वरखाली, आणि हे सगळं निस्तरताना मशीनमधून गळून पेशंटच्या अंगातून जाणारा लीकेज करंट मायक्रोअँपिअरमध्येच राहिला पाहिजे. नुसत्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला अ‍ॅम्प्लिफायर जमेल हो, पण बेसलाइन सरळ करायच्या नादात खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर 0.05 ऐवजी 0.5 हर्ट्झवर नेला तर एसटी सेगमेंट (आलेखातला ज्या तुकड्यावरून हार्ट अटॅक ओळखतात तो) वाकडा होऊन डॉक्टरला नसलेला हार्ट अटॅक दिसू शकतो हे त्याला कोण सांगणार?

खरी बोंब प्रोजेक्टची आहे. बोटावर लावायचं रेडीमेड सेन्सर मॉड्यूल जोडायचं, स्क्रीनवर हार्ट रेट आला की झाला फायनल इयर प्रोजेक्ट (व्हायवाला सगळे खूश!). बोट गार पडलं की रीडिंग का गंडतं, एवढं कुणी विचारतच नाही. अ‍ॅडमिशन घेणाऱ्यांनी प्लेसमेंटचा आकडा नंतर बघा, आधी विचारा की पोरांना हॉस्पिटलमध्ये किती आठवडे पाठवता आणि तिथे मशीन उघडायला देता की लांबूनच दाखवता.