मे महिन्यात वेरूळ

"वेरूळला जायचं तर पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात काय बघणार, तापलेला दगड?" निघायच्या आदल्या दिवशी बायकोसकट पाच-सहा जणांनी हेच सुनावलं. तरी गेलो. अंबाजोगाईहून, एकटा, जुन्या स्प्लेंडरवर, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. परत आल्यावर माझं मत उलट पक्कं झालंय: आपला मराठवाडा उन्हाळ्यातच बघावा. पावसाळ्यात सगळेच डोंगर देखणे दिसतात, त्यात विशेष काय?

संभाजीनगर मला नवं नाही. वडिलांच्या ऑपरेशनला दीड महिना तिथंच होतो, वाटणीच्या दाव्यात खंडपीठाच्या तारखांना किती खेटे घातले त्याचा हिशोब नाही. आपल्याकडचे बहुतेक लोक त्या शहरात दवाखाना, कोर्ट नाहीतर पोरांचे क्लास, एवढ्यासाठीच जातात. वेरूळ मी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, तेही मास्तरांच्या शिट्टीमागं पळत.

पहाटे चारला निघालो. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई. शहागडच्या पुलावर थांबलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि गोदावरीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. आडूळच्या अलीकडं एका रसवंतीवाल्यानं नुकतं चरक सुरू केलं होतं, घुंगरं वाजत होती. रस देताना म्हणाला, "एकटेच? कुठं निघाले एवढ्या उन्हाचं?"

"वेरूळला."

"आज मंगळवार हाय न, सायेब."

मंगळवारी वेरूळच्या लेण्या बंद असतात. मी सोमवार धरून बसलो होतो, तो अजिंठ्याचा. वाटेतलं निम्म्याहून जास्त अंतर मागं पडलेलं. परत कशाला फिरतो? देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, तर उघडा होता.

आणि तेच बरं झालं. साडेदहाला किल्ल्याच्या दारात होतो. आत माझ्याशिवाय एक नवीन लग्न झालेलं जोडपं आणि सावलीला लवंडलेली कुत्री. हत्ती हौद कोरडा. पोटात इतकी जागा, की त्याच्यापुढं आपलं शेततळं म्हणजे घंगाळ. पावसाळ्यात आलो असतो तर पाणी बघून "वा" म्हणून पुढं गेलो असतो. कोरड्या हौदाच्या काठावर उभं राहिलं, डोक्यावर पंचा ओला करून टाकलेला, बाटलीत चार घोट उरलेले, तेव्हा कळतं की गडावर पाणी साठवणं ही तोफा ओतण्याइतकीच मोठी गोष्ट होती. महंमद तुघलकानं 1327 साली दिल्ली उचलून इथं आणली आणि काही वर्षांत परत नेली. पाणी पुरलं नाही, हेही त्याचं एक कारण सांगतात. शाळेत त्याला वेडा महंमद म्हणून हसलो होतो. मे महिन्यात त्या हौदावर हसू येत नाही.

चांदमिनार मागं टाकून वर गेलं की खंदक, आणि खंदकापलीकडं तासून उभा केलेला कडा. हात लावला तर तव्यासारखा. मग अंधारी, म्हणजे डोंगरातला काळोखा बोगदा लागतो. आत शिरल्याबरोबर अंगावर गारवा, वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओबडधोबड पायऱ्या. शत्रूला चकवायला केलेली ती वाट, पण मी दहा मिनिटं तिथंच भिंतीला पाठ टेकून बसलो. जनार्दनस्वामी याच गडावर किल्लेदार होते, पैठणहून लहानगा एकनाथ त्यांच्याकडं इथंच आला. गुरूकडं येण्याआधी त्या पोराला हे ऊन लागलं असणारच.

वरच्या बारदरी महालापर्यंत चढलो. डोळ्यांपुढं काजवे चमकले, हे कबूल करतो. लिंबू, मीठ, साखर सोबत नसेल तर हा शहाणपणा करू नका.

बुधवारी सकाळी सहालाच वेरूळ. आधी घृष्णेश्वर. इथं गाभाऱ्यात पुरुषांनी अंगातला सदरा काढून जायचं असतं. मेमध्ये हा नियम किती सुखाचा वाटतो! मग लेणी. एकूण 34, बौद्ध, हिंदू, जैन. सगळी बघायचा हट्ट सोडा. मी चार बघितली. कैलास कळसापासून पायाकडं कोरत आणलाय, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात. हे सगळ्यांना पाठ असतं. मला वेगळंच दिसलं. अकरा वाजता अंगण भाजत होतं, आणि मागच्या ओवरीत गेलो तर घाम सुकला. 29 नंबरच्या लेण्याजवळचा धबधबा कोरडा ठाक. त्याच्यासाठी जुलैत गर्दी होते. आता तिथं दोन माकडं आणि मी.

संभाजीनगरातला बीबी का मकबरा संध्याकाळी बघितला. ताजमहालाशी तुलना करणाऱ्यांचा मला कंटाळा आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. पाणचक्कीवर मात्र लिहायलाच पाहिजे. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून आणून, उंचावरून सोडून जातं फिरवलेलं. आणि हौदाच्या खाली दालन, म्हणजे डोक्यावर पाणी नि खाली माणसं. कूलर याच्याहून वेगळं काय करतो? मलिक अंबरानं 1610 साली खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली तीही नहर खोदून, जमिनीखालून पाणी खेळवून. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस, पण या मातीला आधी काय लागतं ते त्याला कळलं होतं.

मुक्काम मावशीकडं. तिच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. बाथरूममध्ये तीन निळे ड्रम, त्यांवर झाकणं, झाकणांवर वीट. मी बादली भरून अंघोळीला निघालो तर म्हणाली, "बापू, अर्धी घे रे." पैठणचं धरण इथून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मी काही बोललो नाही, नान-खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचं, पार्सल तिच्यापासून लपवत आत नेलं. ती माळकरी.

गुरुवारी पहाटे चारला निघायचं ठरलं होतं. तीनलाच मावशीनं हलवून उठवलं. "ऊठ, पाणी आलंय." ड्रम भरले, हंडे भरले, कळशा, पातेली, शेवटी माझ्या दोन बाटल्याही. निघेपर्यंत साडेआठ झाले. गेवराईच्या पुढं ऊन लागलंच.