पुन्हा एकदा सह्या, पुन्हा एकदा फोटो

सोलापूर जिल्ह्यात मोठा उद्योग येणार, अशी घोषणा दर दोन-तीन वर्षांनी होते, करारावर सह्या करतानाचे फोटो छापून येतात आणि पुढे त्या विषयाचे कोणी नावही काढत नाही, याचा आता मनस्वी संताप येतो. ज्या शहरात १८७७ साली कापडगिरणी उभी राहिली, ज्याच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या अकरा तालुक्यांतील मुलांनी पोटासाठी पुण्याचीच गाडी का धरावी? माझा पुतण्या आयटीआय झालेला फिटर आहे. दर रविवारी रात्री त्याची आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देते आणि तो स्टेशन गाठतो.

आमच्या तालुक्यातील औद्योगिक वसाहतीत एका मित्राने डाळिंबावर प्रक्रिया करण्यासाठी भूखंड घेतला, पण वीजजोडणी आणि पाण्याच्या नळासाठी हेलपाटे घालता घालता तिथे वेड्या बाभळी डोक्याएवढ्या वाढल्या. ११७ टीएमसी साठवण क्षमतेचे उजनी धरण याच जिल्ह्यात आहे, हे विशेष. बाहेरच्या कंपन्यांसाठी पायघड्या जरूर घालाव्यात. मात्र त्याआधी या बाभळी काढून त्या भूखंडापर्यंत पाणी पोहोचवावे.