शहाण्णव कुळी सही

सकाळी दहापासून मी एका कागदावर सही करतोय. आता साडेतीन वाजलेत.

सही डिजिटल. जुना लॅपटॉप गेला, विंडोज ११ चा नवा आला, त्याला सहीचं टोकन, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी कांडी, खोचलं तर ढिम्म. हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, “सर, ड्रायव्हर थर्टीटूचा टाकलाय की सिक्स्टीफोरचा?”

ड्रायव्हर म्हणजे मशीनला टोकनची ओळख करून देणारा प्रोग्राम. “मशीन ६४ बिटचं, म्हणून ६४ चा.”

“दोन्ही टाका.”

कारण सही मागणारा प्रोग्राम अजून ३२ बिटचा, म्हणजे जुन्या घडणीचा. त्याच्या घशाखाली ६४ ची फाइल उतरत नाही. पीडीएफवाला ६४ चा. तो ३२ ला शिवत नाही. शिवाय सहीला लागणारं जावा नावाचं सॉफ्टवेअरही दोन्ही घडणींचं, म्हणजे जावा दोन. एका घरात दोन जावा, मग काय होणार! दुपारपर्यंत दोघींनी एकमेकींचा पाथ अडवला.

हे सगळं मामांच्या देखरेखीखाली. मामा निवृत्त तलाठी, मोतीबिंदू दाखवायला गावाहून आलेत.

“किती टाकतोयस?”

“बत्तीस आणि चौसष्ट.”

पोह्यातला शेंगदाणा चावत त्यांनी बेरीज केली. “शहाण्णव. म्हणजे सही शहाण्णव कुळी झाली की! बत्तीसचं कुठं ठेवलंस?”

इथे मी खरं बोलण्याची चूक केली. विंडोजमध्ये ६४ च्या फायली ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात असतात आणि ३२ च्या ‘सिसवॉव६४’ मध्ये. जुन्या प्रोग्रामांत ‘सिस्टिम३२’ हेच नाव कोरलेलं, म्हणून ते बदललं नाही.

मामांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची. फेरफार कुणी मंजूर केला हा?”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हे टोकन मिळवताना मी कॅमेऱ्यापुढे पॅनकार्ड धरून गुन्हेगारासारखा व्हिडिओ दिलाय, पैसे भरलेत, आणि दोन वर्षांनी हे सगळं पुन्हा करायचंय. २००० च्या कायद्याने ही सही हातच्या सहीच्या तोडीची ठरवली म्हणे. हातच्या सहीला कधी ड्रायव्हर लागला नव्हता.

शेवटी उमटली. नावावर पिवळं प्रश्नचिन्ह, खाली ‘व्हॅलिडिटी अननोन’.

“काय म्हणतंय?”

“सही माझीच कशावरून, म्हणतंय.”

मामांनी बशी खाली ठेवली. “दोन पंच बोलाव.”