टायर घासतो ही तक्रार खरी आहे

नमस्कार. माझ्या गॅरेजला तुम्ही दिलेला एक स्टारचा अभिप्राय वाचला. टायर मडगार्डला घासतो, पैसे घालून पिकअप उलट कमी झाला, न विचारता ब्रेक ऑइल बदललं, तीन आठवडे लावले आणि वर लेक्चर दिलं. यातली पहिली चूक माझी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

17 इंची रिम तुम्ही स्वतः आणल्या होत्या, सेकंडहँड. टायर 205/40. गाडीच्या मूळ 195/55, 15 इंची टायरशी याची उंची जवळजवळ मिलिमीटरला जुळते, त्यामुळे अडचण उंचीची नव्हती. अडचण होती ऑफसेटची, म्हणजे रिमचा मध्य आणि ती जिथे बोल्टने बसते ती जागा यांतल्या अंतराची; ते मिलिमीटरमध्ये 'ईटी' म्हणून लिहितात, आणि ईटी जितका कमी तितकं चाक बाहेर. मूळ रिम 6 इंच रुंद आणि ईटी 45, तुमची 7 इंच आणि ईटी 25. ऑफसेटमुळे 20 मिलिमीटर, वाढलेल्या रुंदीमुळे आणखी 13, म्हणजे चाक 33 मिलिमीटर बाहेर आलं. त्यात नव्या स्प्रिंगांमुळे गाडी 35 मिलिमीटर खाली. हे मी तोंडी सांगितलं, तुम्ही "चालेल काका, लूक आला पाहिजे" म्हणालात आणि मी बसवून दिलं. तिथे नाही म्हणायला हवं होतं, निदान जॉब कार्डवर लिहून द्यायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक म्हणजे ट्रायल मी एकट्याने मारली. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवलं, स्पीडब्रेकरवरून नेली, कुठेच लागलं नाही. पण मागची सीट रिकामी होती. तुम्ही त्याच संध्याकाळी मागे तीन मित्र बसवलेत आणि पहिल्याच खड्ड्यात खर्रकन आवाज आला. फोटोत मागच्या टायरच्या खांद्यावर जी गोल रेघ दिसते ती मडगार्डच्या आत दुमडलेल्या पत्र्याची आहे. रेघ खोल जाईपर्यंत वाट पाहू नका, मागे कुणाला बसवू नका. अभिप्रायाखाली कुणीतरी स्पेसर, म्हणजे रिम आणि हबच्या मधली चकती, टाकायला सांगितलंय. स्पेसरने चाक आणखी बाहेर येतं, त्यामुळे तो उपाय विसरा.

पिकअपचं मात्र मी आधीच सांगितलं होतं. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनला उघडा, शंकूसारखा कोन एअर फिल्टर लावला की आवाज भारी येतो, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ असते. शिवाय तुमच्यासमोर दोन्ही चाकं काट्यावर ठेवली होती, आठवतंय? जुनं 16 किलो, नवं 20. चार चाकांचं मिळून 16 किलो जादा वजन इंजिनला नुसतं ओढायचं नाही, फिरवायचंही आहे. सिग्नलवरून निघताना ते जाणवणारच. फिल्टर काढून मूळचा एअरबॉक्स, म्हणजे कंपनीचा बंद फिल्टरचा डबा, लावून बघा.

ब्रेक ऑइल विचारूनच बदललं, फोनवर. जुनं चहासारखं काळपट झालं होतं. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. घाटात सलग ब्रेक दाबताना ऑइल उकळून पेडल मऊ पडतं ते यामुळेच. गाडी जोरात चालवायची म्हणून तुम्ही आला होतात, तेव्हा हे बिल मी कमी करणार नाही.

तीन आठवडे लागले कारण पहिला स्प्रिंग सेट चुकीचा आला. हे वेळेवर कळवलं नाही, माफ करा.

राहिलं लेक्चर. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकायला मी नकार दिला, आजही देईन. आणि इन्शुरन्स कंपनीला बदल कळवा हे तिसऱ्यांदा सांगितलं ते तुमच्या वयाकडे बघून. तरुण ड्रायव्हरचा हप्ता आधीच जड असतो, म्हणून बरेच जण गप्प राहतात आणि क्लेमच्या वेळी अडकतात. एकेरीत बोललो, ते मात्र चुकलं.

येत्या आठवड्यात कधीही या. मूळ चाकं बसवून, स्प्रिंग तशाच ठेवून अलाइनमेंट करून देतो, मजुरी नाही. या रिम ठेवायच्याच असतील तर मागच्या मूळ स्प्रिंग परत टाकाव्या लागतील, त्याचीही मजुरी नाही. पण तेवढ्याने घासणं थांबेलच असा शब्द देत नाही, ते ट्रायलमध्येच कळेल. इन्शुरन्ससाठी बसवलेल्या पार्टची यादी शिक्क्यासह तयार ठेवतो. येताना ते तीन मित्रही आणा, ट्रायलला मागे बसायला लागतील.