‘कोमोरेबी’ म्हणजे लाल पानं नाहीत, खुलासा

शरद ऋतूतल्या लालबुंद पानांचा फोटो आणि खाली ‘जपानी लोक याला कोमोरेबी म्हणतात’, अशी एक इमेज ग्रुपांवर फिरतेय आणि मागच्या आठवड्यात मीही ती टाकली होती, सॉरी, ते चूक आहे.

शब्दकोशात बघितलं. कोमोरेबी हा शब्द लिहिताना झाड, झिरपणं आणि ऊन अशी तीन चिन्हं येतात, म्हणजे पानांच्या फटीतून झिरपणारं ऊन, आंब्याखाली अंगणात कवडसे पडतात ना तेच, आणि ते कुठल्याही ऋतूत पडतं.

रंग बदललेल्या पानांना शब्द आहे ‘कोयो’. तीच दोन चिन्हं ‘मोमिजी’ अशीही वाचतात, मग बहुतेक वेळा मेपल डोळ्यांपुढे येतो, पंजासारखं छोटं पान, म्हणून तान्ह्या बाळाच्या हातालाही मोमिजीची उपमा देतात (मला हे फार आवडतं!). ‘मोमिजीगारी’तल्या ‘गारी’चा मूळ अर्थ शिकार, पण पानं तोडत नाहीत, बघायला जातात. आणि गळलेली पानं म्हणजे ‘ओचिबा’, हायकूत, म्हणजे छोट्या जपानी कवितेत, मोमिजी हा शरद ऋतू सुचवणारा शब्द, ओचिबा मात्र हिवाळा सुचवणारा.

ती इमेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवली असेल तर तिथेच हे टाका.